६ गायी, ४८ लिटर दूध. अजून २ गायी घ्यायच्या की आहे त्यातच दूध वाढतं? (शहापूर)

घणसोलीकर_गाव_शहापूर · रविवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. मी महाप्याला आयटीत आहे, राहायला घणसोलीला, पण दर शनिवारी ठाण्याहून कसारा लोकल पकडतो आणि आसनगावला उतरून आत गावी जातो. गावी आई-बाबा आणि ६ गायी, सगळ्या एचएफ क्रॉस (होल्स्टीन फ्रिजियन संकरित). त्यातल्या सध्या ४ दुधात, २ भाकड. दोन्ही वेळचं मिळून ४८ लिटर जातं डेअरीला. फॅट ३.४ च्या आसपास लागते आणि रेट पडतो २९.

मी या शनिवारी वही घेऊन बसलो तर असं निघालं. ४८ गुणिले २९ म्हणजे १३९२ रुपये रोजचे. पेंड आणि गोळी (तयार पशुखाद्य) मिळून २४ किलो, ३२ रुपयांनी ७६८. कडबा कुट्टी नगरकडून येते, भाड्यासकट ९ रुपये किलो पडते, ३६ किलो धरली तर ३२४. राहिले ३०० रुपये. त्यात डॉक्टर, औषधं, लाईटबिल, आणि पहाटे ४ ला उठणारी माझी आई व बाबा असे दोन माणसं. म्हणजे दीडशे रुपये हजेरी. नाक्यावरच्या बिगाऱ्याला याच्या चौपट मिळतात.

आता बाबांचं म्हणणं, अजून २ गायी घेऊ, लाख-लाखाच्या, म्हणजे खर्च तोच आणि दूध वाढेल. मी म्हणतो खर्च तोच कसा काय राहील. यावरून जेवताना भांडण झालं, आईने मधे पडून विषय बंद केला. मला खरंच कळत नाही की आपण १९९८ पासून जगात दुधात एक नंबर, मग आमच्या गोठ्यात गाय १२ लिटरवरच का अडकलीय, आणि इस्राएलमधली गाय वर्षाला ११ हजार लिटरच्या वर कशी देते. युट्यूबवर हायड्रोपोनिक चारा (मातीशिवाय ट्रेमध्ये उगवलेला), अझोला (पाण्यावर वाढणारी वनस्पती) असलं बरंच बघितलंय. करू का? जमीन साडेतीन एकर आहे, भात करतो, विहीर आहे पण मार्चनंतर तळाला जाते. (हो, तानसा भातसा आमच्याच तालुक्यात, पाणी मात्र तुमच्या नळाला. असो.)

---

मुरबाडचा_माजी_डेअरीवाला · रात्री ११:२०

भाऊ आधी एक सांगतो, गायी घेऊ नका. मी घेतल्या होत्या २०. पंजाबहून आणल्या, तिथे गोठ्यात उभं राहून स्वतः धार बघितली, २४-२५ लिटरची गाय होती, कुठलीही फसवणूक नव्हती. ट्रकमधून मुरबाडला उतरल्या मे महिन्यात आणि महिन्याभरात आली १४ वर. उकाडा आणि वर आपल्याकडची दमट हवा, गाय तोंड उघडं टाकून धापा टाकत उभी राहायची, खातच नव्हती, मग दूध कुठून येणार. पुढे पावसाळ्यात गोचीड ताप, २ गायी गेल्या. मग २०२२ ला लंपी (गुरांचा साथीचा त्वचारोग). आणि ज्या वर्षी सगळं जरा बसलं त्याच वर्षी, २०२३ च्या शेवटी, रेट ३४ वरून २६-२७ ला आला. कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच होता, तो काही खाली आला नाही. भय्या कामगार होळीला गेले ते आलेच नाहीत. मार्च २०२४ ला सगळ्या विकल्या, निम्म्या किमतीत.

माझी चूक एकच, चारा आधी लावायला हवा होता आणि गायी नंतर. मी गायी आधी आणल्या आणि चाऱ्याच्या मागे टेम्पो घेऊन नारायणगाव-आळेफाटा फिरत बसलो. माळशेज चढताना जेवढं डिझेल जाळलं तेवढ्यात एक गाय आली असती.

---

पशुवैद्य_निवृत्त_कळवा · सोमवार, सकाळी ६:४०

घणसोलीकर, तुमचा हिशोब आवडला, निम्मे लोक वहीच लिहीत नाहीत. माझी ३१ वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीच तुमच्याच बाजूला. काही विचारतो, त्याची उत्तरं गावी फोन करून घ्या.

गायींना पाणी कसं पाजता? बादलीने दोन वेळा ना? मला खात्री आहे, कारण तिकडे सगळे तसंच करतात. दुधात ८७ टक्के पाणी असतं, एका लिटर दुधामागे गाय ४-५ लिटर पाणी पिते, हे अंगाला लागणाऱ्या पाण्याशिवाय. रात्री ८ ते पहाटे ४ गाय दावणीला तहानलेली बांधून ठेवायची आणि दूध वाढत नाही म्हणून गोळीचं पोतं बदलायचं, हे मी आयुष्यभर बघितलं. दावणीजवळ कायम भरलेला हौद पाहिजे, गायीला तोंड फिरवलं की पाणी मिळालं पाहिजे. याला दोन हजारांच्या वर खर्च नाही आणि आठवड्यात फरक दिसतो.

दुसरं, २ गायी भाकड आहेत त्या किती महिन्यांच्या भाकड आहेत आणि गाभण आहेत का? इथे खरं दूध गळतंय. समजा गाय एका वेताला २७०० लिटर देते. ती १३ महिन्यांनी व्याली तर महिन्याला सरासरी २०८ लिटर पडलं, आणि १८ महिन्यांनी व्याली तर १५०. गाय तीच, गोठा तोच, खाणं जवळपास तेच. हे नुकसान कुठल्या बिलात दिसत नाही म्हणून कोणी मोजत नाही. माज २१ दिवसांनी येतो, तो एकदा चुकला की २१ दिवस गेले, दोनदा चुकला की दीड महिना. आणि संकरित गाय बऱ्याचदा रात्री नाहीतर पहाटे माजावर येते, हंबरेलच असं नाही. शेपटीखाली काचेसारखी स्वच्छ तार लोंबते, ती बघायची तर झोपायच्या आधी एकदा बॅटरी घेऊन गोठ्यात जायला पाहिजे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा (रेतन करून घ्या), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीचं तर अजून अवघड, तिचा मुका माज, बाहेरून दिसतच नाही.

तिसरं, मिनरल मिक्श्चर रोज ५० ग्रॅम. बंद करू नका. गाय सारखी उलटते (भरवूनही गाभण राहत नाही) त्यात याच्या कमतरतेचा वाटा असतो. आणि धार काढल्यावर गायीला लगेच बसू देऊ नका, पुढ्यात वैरण टाका म्हणजे अर्धा तास उभी राहील. सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं आणि आपल्याकडचा पावसाळ्यातला चिखल म्हणजे दगडीला (कासेच्या आजाराला) आमंत्रण. एक सड गेला की त्या गायीचं पाव दूध कायमचं गेलं समजा.

हायड्रोपोनिक करू नका. एक किलो मक्याचा पाच-सहा किलो हिरवा चारा होतो हे खरं, पण वाढलेलं वजन पाण्याचं. वाळवून तोललात तर मका होता त्यापेक्षा कमी भरेल. अझोला ठीक, पण त्याने पोट भरत नाही.

---

नेरूळची_ताई · सकाळी ९:१५

मला यातलं काही कळत नाही पण एक प्रश्न पडला. आम्ही इथे गायीच्या दुधाची पिशवी ५८ ला घेतो आणि तुम्हाला २९? मग मधले २९ कोण खातं? आणि तबेल्यातलं म्हशीचं तर ८५-९० ला आहे.

---

वाशी_ग्रामीण_पतवाला · दुपारी १:३०

ताई, सगळं "खातं" असं नाही, त्यात थंड करणं, टँकर, पाश्चरायझेशन, पिशवी, डिस्ट्रिब्युटर, दुकानदार, परत येणारं दूध हे सगळं येतं. तरी अंतर जास्तच आहे हे खरं. गुजरातमध्ये सहकारी संघ मजबूत असल्याने ग्राहकाच्या रुपयातला मोठा वाटा शेतकऱ्याकडे जातो, आपल्याकडे बरंचसं दूध खासगी डेअऱ्यांकडे जातं आणि तिथे रेट ठरतो पावडरवर.

हे पावडरचं प्रकरण जरा समजून घ्या कारण सगळी गोम त्यात आहे. मी बँकेत २६ वर्षं ग्रामीण कर्ज बघितलं, दुभत्या जनावरांच्या फायली माझ्याकडे यायच्या. १०० लिटर गायीचं दूध आटवलं की साधारण साडेआठ किलो पावडर आणि चार किलोच्या आसपास लोणी निघतं. पिशवीत न खपलेलं जास्तीचं दूध तिकडे जातं. जगात पावडरचा भाव पडला की इथे डेअरीवाला म्हणतो मला परवडत नाही, आणि पंधरवड्याच्या बिलात चार रुपये कमी येतात. न्यूझीलंडमध्ये काय चाललंय ते शहापूरच्या गोठ्यात असं पोचतं. २०१८ ला हेच झालं, २०२३-२४ ला परत हेच. सरकारने जानेवारी २०२४ ला लिटरला ५ रुपये अनुदान काढलं, पण त्याला जनावराच्या कानात बिल्ला पाहिजे, त्याची ॲपवर नोंद पाहिजे, मग कित्येकांचं कुठल्यातरी एका आकड्यापायी अडकलं.

आता मूळ प्रश्नावर. एक नंबर आहोत ते गुरांच्या संख्येवर. २०१९ च्या पशुगणनेत ३० कोटींच्या वर गायी-म्हशी निघाल्या. २०२३-२४ चं उत्पादन साधारण २३.९ कोटी टन, माणशी रोज ४७१ ग्रॅम. १९५०-५१ ला हेच १.७ कोटी टन होतं, म्हणजे काम झालंच नाही असं कोणी म्हणू नये, १९७० ते १९९६ ऑपरेशन फ्लडने गावागावात दूध गोळा करायची व्यवस्था उभी केली ती फार मोठी गोष्ट होती. पण संकरित गायीची सरासरी अजून दिवसाला ८ लिटरच्या आसपास आणि गावठीची ३ च्या आसपास. तुमची १२ ची गाय देशाच्या हिशोबात हुशार आहे, बाबांना सांगा.

आणि माझं एक मत आहे जे इथे बऱ्याच जणांना पटणार नाही. ती ३ लिटरवाली गाय बाळगणारा माणूस मूर्ख नाहीये. त्याची गाय पेंढा खाते, बांधावरचं गवत खाते, त्याचा रोख खर्च जवळपास शून्य. रेट पडला तरी त्याचं काही बिघडत नाही, शेण मिळतं, घरात चहाला दूध मिळतं. जसं तुम्ही दूध वाढवायला जाता तसं सगळं विकत यायला लागतं, पेंड विकत, कडबा विकत, डॉक्टर विकत, आणि दुधाचा भाव मात्र दुसऱ्याच्या हातात. उत्पादन वाढवा म्हणून सल्ला देणारे (आमची बँक धरून) हे सांगत नाहीत की उत्पादनाबरोबर जोखीमही त्याच माणसाच्या अंगावर वाढते. मी स्वतः प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये गाय १५ लिटर धरून, ३०० दिवस धरून कर्ज मंजूर केलीत, भाकड काळात हप्ता कुठून देणार हा रकाना फॉर्ममध्ये नव्हताच. मुरबाडकर, तुमची फाईल माझ्याकडे आली असती तर मीही मंजूर केली असती.

---

मुरबाडचा_माजी_डेअरीवाला · दुपारी १:४८

साहेब हे तेव्हा सांगायचं होतं ना 😅

---

तबेला_भिवंडी_बायपास · संध्याकाळी ७:०५

आमच्या घरचा तबेला आहे, १४० म्हशी, आजोबांच्या वेळेपासून. आरे १९४९ ला झालं तेव्हा मुंबईतले तबेले तिकडे हलवले, आमचे आजोबा नंतर इकडे आले. ताई म्हणाल्या ८५-९०, तर तो रेट ऐकून सगळ्यांना वाटतं आम्ही मजेत आहोत. आमचं काम कसं चालतं सांगतो. हरियाणा नाहीतर मेहसाण्याकडून ताजी व्यालेली म्हैस आणायची, सव्वा लाख, दीड लाख. आठ-दहा महिने दूध काढायचं. आटली की विकायची. ठेवून खायला घालायला जागा नाही, इथे गुंठ्याचा भाव काय आहे तुम्हाला माहितीये. पारडं जगवायला आईचं दूध द्यावं लागतं आणि ते दूध ९० रुपये लिटर, त्यामुळे पारडं किती दिवस जगतं ते विचारू नका. मला स्वतःला हे आवडत नाही पण आहे हे असं आहे.

म्हणजे बघा, जी म्हैस १२-१३ लिटर देणारी, गावातली सगळ्यात भारी, ती निवडून शहरात येते आणि एकाच वेतात संपते. तिची वगार मोठी होऊन पुढे दूध द्यायची ती होतच नाही. उत्तरेकडची चांगली चांगली जनावरं अशी किती वर्षं शहरांनी ओढून घेतलीत. आमच्याकडे दूध आहे ते आम्ही वाढवलेलं नाही, ट्रकने आणलेलं आहे.

घणसोलीकर तुम्हाला एकच सांगेन, तुमच्याकडे जागा आहे, कालवडी घरच्या वाढवा. आता लिंग निर्धारित रेतमात्रा मिळते, १० पैकी ९ वेळा कालवडच होते. विकत आणलेल्या गायीपेक्षा घरची कालवड तुमच्या हवेला सरावलेली असते. अडीच-तीन वर्षं थांबावं लागेल एवढंच.

---

घणसोलीकर_गाव_शहापूर · रात्री ११:१०

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. डॉक्टरसाहेब, घरी फोन केला. पाणी दोन वेळा बादलीनेच. आणि भाकड गायींपैकी एक ५ महिन्यांची गाभण आहे, दुसरी मात्र ४ वेळा उलटलीय, गेले ११ महिने नुसती खातेय. बाबांना विचारलं माज कधी बघता, तर म्हणाले "हंबरली की कळतं." भरवणारा माणूस २० किलोमीटरवरून येतो, सकाळी फोन केला तर कधी त्याच संध्याकाळी येतो, कधी दुसऱ्या दुपारी. म्हणजे मी गोळीच्या पोत्यावरच्या रुपयाचा हिशोब करत बसलो होतो आणि खरं दूध दुसरीकडेच गळत होतं.

थेट विकायचा पण विचार आहे, घणसोलीत सोसायटीत ६० ने गायीचं दूध द्यायला. कोणी केलंय का? आणि चाऱ्याचं काय करू, मार्चनंतर विहीर बसते.

---

मुरबाडचा_माजी_डेअरीवाला · मंगळवार, सकाळी ७:३०

थेट विक्री मी केलीय, चार महिने, डोंबिवलीत. पहिल्या आठवड्यात सगळे खूश, दुसऱ्या आठवड्यात "पातळ लागतं हो, साय येत नाही." अहो गायीचं दूध आहे, साडेतीनची फॅट, म्हशीसारखी साय कुठून येणार. आपल्या लोकांना म्हशीचं प्यायची सवय. शिवाय अन्न परवाना, बाटल्या धुणं, पहाटे ट्रेनला क्यान चढवणं, दिवाळीत अर्ध्या सोसायट्या गावी गेल्या की तेवढं दूध अंगावर. करायचंच तर १० लिटरपासून करा आणि बाकीचं डेअरीला चालू ठेवा, डेअरी तोडू नका, परत घेताना नखरे करतात.

---

पशुवैद्य_निवृत्त_कळवा · सकाळी ८:०५

उलटणारी गाय आधी तपासून घ्या, गर्भाशयात इन्फेक्शन असेल तर नुसतं भरवत राहण्यात अर्थ नाही. उपचार करूनही दोन माजांत राहिली नाही तर विका, मन घट्ट करून. ती रोज शंभर रुपयाचं खातेय.

चारा. तुमच्याकडे जून ते फेब्रुवारी पाणी आहे ना, मग तेवढ्यातच वर्षाचा चारा करायचा, उन्हाळ्यात पिकवायचाच नाही. बांधांवर आणि विहिरीकडच्या १०-१५ गुंठ्यांत फुले जयवंत (संकरित नेपियर गवत) लावा, ठोंब लावायचे, नंतर दर दीड-दोन महिन्यांनी कापणी. लसूणघास तुमच्या जमिनीत नीट येणार नाही, त्याऐवजी कुंपणाला शेवरी, सुबाभूळ, आणि भातानंतरच्या ओलाव्यावर चवळी. भात निघाल्यावर एक एकर मका करा, दाणा चिकात असताना कणसासकट कुट्टी करून मुरघास (हवाबंद मुरवलेला चारा). बॅगेत भरा, तुडवून तुडवून हवा काढा, ४५ दिवसांनी उघडा. एप्रिल-मेमध्ये तोच तुमचा हिरवा चारा.

आणि घरचा पेंढा जाळता का हो? की विकता?

---

घणसोलीकर_गाव_शहापूर · सकाळी ८:२०

पेंढा विकतो, वीटभट्टीवाल्याला नाहीतर आंबेवाल्यांना पेट्या भरायला. गायी खात नाहीत नीट, कडबा आवडतो त्यांना.

---

पशुवैद्य_निवृत्त_कळवा · सकाळी ८:५०

घरचा पेंढा विकता आणि नगरहून ९ रुपयाची कुट्टी आणता! बरं. युरिया प्रक्रिया करा. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर शिंपडत पायाने दाबायचं आणि प्लास्टिकच्या कागदाने हवाबंद. २१ दिवस हात लावायचा नाही. काढताना लागेल तेवढाच काढायचा, तासभर पसरून ठेवायचा म्हणजे वास उडतो, सुरुवातीला कुट्टीत थोडा थोडा मिसळून सवय लावायची. सहा महिन्यांखालच्या वासराला अजिबात नाही. आणि युरियाच्या पाण्याची बादली गायीच्या तोंडाला लागेल अशी कुठेही ठेवायची नाही, जीव जातो, मी दोन जनावरं गेलेली बघितलीत. साधं पाणी समजून ती बादली गोठ्यात कोणी नेऊ नये हे घरात सगळ्यांना सांगा.

कुट्टी निम्म्यावर आली तरी तुमचे रोजचे १६० रुपये वाचले. नवीन गाय घेतलीत तर एवढे सुटायचे का बघा वहीत.

---

घणसोलीकर_गाव_शहापूर · पुढचा रविवार, रात्री ९:३५

अपडेट. हौदाचं झालं, ५०० लिटरची जुनी टाकी होती ती अर्ध्यात कापून दावणीच्या दोन्ही टोकांना ठेवली, बाबा म्हणाले शेणाने घाण करतील, केली पण. रोज एकदा धुवावी लागते. आज पाचवा दिवस, सकाळची धार साधारण अडीच लिटरने जास्त आली चौघींची मिळून, थंडी पडलीय म्हणून पण असेल. बॅटरी घेऊन रात्री बघायचं काम आईने घेतलंय. २ गायींचा विषय बाबा काढत नाहीयेत सध्या, पण त्यांच्या मोबाईलवर पंजाबच्या एका गोठ्याचे व्हिडिओ अजून चालू असतात.

एक शंका राहिली, युरियाच्या पेंढ्यावर टाकायला भाताच्या खळ्याची जुनी ताडपत्री चालेल का, दोन ठिकाणी फाटलीय?

---

पशुवैद्य_निवृत्त_कळवा · रात्री ९:५०

नाही चालणार. अमोनिया निघून जाईल. नवीन कागद आणा, मुरघासाला परत वापरता येईल.